झेडपी मास्तरांनो, व्हीआरएसचा (स्वेच्छानिवृत्तीचा) अर्ज टाकायच्या आधी या चुका टाळा

१ सप्टेंबर २०२५ ला टीईटीबद्दल (शिक्षक पात्रता परीक्षा) सुप्रीम कोर्टाचा निकाल आला अन् आमच्याकडं कोणत्याही केंद्रात जा, चहा पिता पिता एकच विषय, "सर, व्हीआरएस घेऊन टाकू का?" नोकरी ५ वर्षांपेक्षा जास्त उरली असेल तर २ वर्षांत टीईटी पास व्हा म्हणे. पन्नाशीच्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवलं तर तो घाबरणारच ना. पण घाबरून रातोरात अर्ज खरडू नका. मी टीईटीच्या आधीच बाहेर पडलो, माझं कारण घरचं होतं, पण चुका तुम्ही आता करून राहिले त्याच केल्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक एका शब्दाची आहे, ते म्हणजे अर्जात "राजीनामा" लिहिणं. बोलताना आपण सगळेच राजीनामा म्हणतो, पण निवृत्तीवेतन नियम १९८२ मधला नियम ४६ पाहा, राजीनामा दिला की मागची सगळी सेवा बुडाली. बावीस वर्षं खडू घासला तरी पेन्शन शून्य. लिहायचं असं, "नियम ६६ नुसार स्वेच्छानिवृत्तीसाठी ३ महिन्यांची नोटीस देत आहे". अन् अर्ज मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी या वाटेनंच वर पाठवायचा, आपल्या प्रतीवर आवक नंबर अन् तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, कारण ते ३ महिने कधीपासून मोजायचे यावरूनच पुढं भांडण होते.

दुसरं, २० वर्षं. ही अर्हताकारी सेवेची, म्हणजे पेन्शनसाठी मोजल्या जाणाऱ्या नोकरीची २० वर्षं आहेत, भिंतीवरच्या कॅलेंडरची नाही. मेडिकल सर्टिफिकेट न देता घेतलेली असाधारण (बिनपगारी) रजा त्यात धरत नाहीत. शिक्षण सेवकाची ३ वर्षं तुमच्या केसमध्ये धरली का नाही, हे ऑफिसकडून लेखी घ्या, क्लार्कच्या "होऊन जाते सर" वर राहू नका. अन् १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले का नंतर हे तर पहिलेच पाहा, नंतर लागलेल्यांचा एनपीएसचा (नव्या पेन्शन योजनेचा) हिशोब पूर्ण वेगळा. जाहिरात त्याआधीची असेल तर २ फेब्रुवारी २०२४ च्या जीआरनं जुन्या पेन्शनचा विकल्प दिला होता, तो भरला होता का अन् मंजूर झाला का, ते कागदावर पाहून घ्या.

आता सेवापुस्तक. माझी नोकरी दोन तालुक्यांत झाली, अन् नोटीस दिल्यावर कळलं की पहिल्या तालुक्यातल्या तीन वर्षांच्या सेवा पडताळणीवर सहीच नाही. मे महिना, ४५ डिग्री, डोक्याला दुपट्टा बांधून एसटीनं त्या जुन्या ऑफिसात चार चकरा झाल्या. शेवटी शिपायानं पोटमाळ्यावरून लाल फडक्यातला बस्ता खाली टाकला, कोपरे उंदरानं खाल्लेले, त्यातून माझी पगारबिलं एकेक करून मीच शोधली, धुळीनं दोन दिवस शिंका. हेच काम नोटीसच्या सहा महिने आधी केलं असतं तर दिवाळीच्या सुट्टीत निपटलं असतं. वेतननिश्चितीची पडताळणी, जात वैधता, लग्नानंतर बदललेलं नाव, नॉमिनेशन, सगळं तेव्हाच पाहायचं. वेतननिश्चितीत चूक निघाली तर ग्रॅच्युइटीतून वसुली काढतात, तवा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा रफिक मसीह निकाल दाखवा, वर्ग ३ च्या कर्मचाऱ्याकडून अशी वसुली करता येत नाही असं त्यात आहे. फक्त जास्तीचा पगार निघाला तर परत देईन अशा हमीपत्रावर आधी सही केली होती का ते आठवा, वाद तिथंच अडकते.

पैशाचा हिशोब कोणी नीट करतच नाही. समजा मूळ पगार ७०,००० आहे अन् ५८ ला ८ वर्षं बाकी आहेत. दरवर्षी ३ टक्के वाढ धरली तर तो ८८ हजारांच्या वर जाते, म्हणजे निम्म्या पगाराच्या हिशोबानं आज ३५,००० पेन्शन, थांबलात तर ४४,००० च्या आसपास. ग्रॅच्युइटी पण २० वर्षांवर १० पगारांचीच, साडेसोळा पगार पाहिजे तर ३३ वर्षं लागतात. त्यात पोराच्या लग्नासाठी ४० टक्के पेन्शन विकली (म्हणजे तिचे एकरकमी पैसे घेतले) तर ३५ मधले १४ हजार गेले, ते १५ वर्षांनी परत सुरू होतात. महागाई भत्ता मात्र पूर्ण ३५ वरच मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. अन् ३०० दिवसांच्या रजा रोखीकरणाची (शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळायची) स्वप्नं आपण मास्तरांनी पाहू नये, उन्हाळ्याच्या सुट्ट्या खाणाऱ्याच्या खात्यात अर्जित रजा असते तरी किती!

नोटीस देऊन मन बदललं तर? परत घेता येते, पण निवृत्तीच्या तारखेच्या आधी अर्ज पाहिजे अन् मंजुरी पण पाहिजे. अन् वरून काहीच उत्तर आलं नाही म्हणजे अर्ज पडून आहे असं समजू नका, मुदतीत नाकारला नाही तर त्या तारखेला तुम्ही आपोआप निवृत्त.

काही जण फाईल कुठं अडली म्हणून नागपूरच्या महालेखापाल ऑफिसात जाऊन येतात. ते राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी, भाऊ. आपली केस झेडपीच्या वित्त विभागातच होते अन् पेन्शन पंचायत समितीतून निघते, तिकिटाचे पैसे वाचवा. पतसंस्थेचं कर्ज असेल तर ना-देय दाखल्यासाठी आधीच बोलून ठेवा.

माझी पहिली पेन्शन सातव्या महिन्यात पडली. तात्पुरत्या पेन्शनचा अर्ज करता येते हे मला तवा माहीतच नव्हतं, तोवर तुरीच्या पैशावर किराणा चालला.