ग्रेट बॅरिअर रीफवर पोहताना पाय टेकवू नका

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत सुमारे २३०० किलोमीटर पसरलेली ही प्रवाळरांग पाहायची तर जून ते ऑक्टोबरचे कोरडे महिने निवडा. नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशचा धोका असतो; तेव्हा त्यांच्या दंशापासून वाचवणारा अंगभर पोशाख, म्हणजे स्टिंगर सूट, घालूनच पाण्यात उतरा. त्यामुळे सनस्क्रीनही कमी लागतं. स्नॉर्केलिंग करताना, म्हणजे नळीतून श्वास घेत पाण्याखालचं पाहत पोहताना, दमलात तर पाठीवर तरंगा, पण प्रवाळावर उभं राहू नका. दगडासारखं दिसलं तरी ती चिमुकल्या जिवांची वसाहत आहे, आणि पायाखाली मोडलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षं लागतात. पोहणं कच्चं असेल तर तरंगायला फ्लोट मागून घ्या, त्यात संकोच कसला!

पुढे मध्य ऑस्ट्रेलियातला उलुरू हा महाकाय खडक पाहायला जाणार असाल, तर त्यावर चढायला २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे. पायथ्याची सुमारे १० किलोमीटरची फेरी मात्र पहाटे, ऊन तापायच्या आत जरूर करा.