पिकअप ट्रक आहे आणि एचओएवालं घर बघताय? मग सुरुवात ट्रकपासून करा

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या मंडळींकडे हल्ली पिकअप बऱ्याच दिसतात. कुणाला वीकेंडला कॅम्पर ओढायचा असतो, कुणाला बागेसाठी माती आणायची असते, आणि आमच्याकडे तर गणपतीच्या आधी मखराच्या चौकटी, ढोल, टेबलं-खुर्च्या सगळं आमच्याच ट्रकमधून हॉलवर जातं. पण घर बघताना किचन, शाळा, पूर्वेचं दार यातच सगळं लक्ष जातं आणि ट्रक रात्री उभा कुठे राहणार हे कुणी विचारतच नाही. आमचंही तसंच झालं. पहिल्या घरात राहायला गेलो आणि तिसऱ्या आठवड्यात एचओएचं, म्हणजे होमओनर्स असोसिएशनचं, पत्र आलं, सोबत फोटो. ट्रक आमच्याच ड्राइव्हवेत उभा, पण मागचा बंपर साइडवॉकवर वीतभर आलेला. नंतर ते घर विकेपर्यंत मी रोज रात्री ट्रकचं नाक गॅरेजच्या दाराला टेकेल इतकं पुढे घ्यायचो आणि मागे जाऊन वाकून बघायचो की साइडवॉक मोकळा आहे ना. म्हणून दुसरं घर शोधताना उलट्या बाजूने सुरुवात केली, आणि ते कसं केलं तेच इथे सविस्तर लिहितोय.

एचओए म्हणजे साधारण आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीसारखंच, फक्त इथे घर, अंगण, ड्राइव्हवे सगळं तुमच्या नावावर असतं आणि तरीही तिथे काय उभं करायचं हे एका नोंदणी केलेल्या कागदात आधीच ठरलेलं असतं. तो कागद जमिनीसोबत चालतो, म्हणजे घर घेतलंत की तुम्हाला तो मान्य झाला असं धरतात, वाचला असो वा नसो. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" याला नंतर काही अर्थ राहत नाही.

१. आधी ट्रक मोजा

कंपनीच्या वेबसाइटवर लांबी मिळते, पण तरी टेप घेऊन स्वतः मोजा, कारण मागे हिचचा बॉल माउंट, म्हणजे ट्रेलर जोडायचा गोळा असलेला दांडा, लावलेला असेल तर तो आणखी आठ-दहा इंच बाहेर येतो आणि पत्र पाठवणारा तोही धरतो. आमची २०१९ ची एफ-१५०, चार दारांची, साडेपाच फुटी बेडवाली (बेड म्हणजे मागचा सामानाचा हौदा), साधारण १९ फूट ४ इंच भरते. साडेसहा फुटी बेड असेल तर तीच २० फूट ४ इंचांवर जाते. मिरर उघडे ठेवले तर रुंदी आठ फूट, मिटले तर सात. उंची साडेसहा फुटांच्या आत, पण ट्रक उंच करणारं लिफ्ट किट किंवा वरती रॅक असेल तर तेही मोजायचं.

मग ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघा. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेला असतो, म्हणजे गाडी अधिक माणसं अधिक सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते. एफ-१५० ला हा आकडा साधारण सात हजार पौंडांच्या आसपास असतो, एफ-२५० ला दहा हजारांच्या आसपास. हा आकडा फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण बऱ्याच एचओए वजनावरूनच ठरवतात. काही ठिकाणी अजून जुनी भाषा असते, हाफ टन, थ्री-क्वार्टर टन, वन टन. आज या नावांचा खऱ्या वजनाशी फारसा संबंध उरलेला नाही, पण साधारण असं धरा की एफ-१५०, राम १५००, सिल्वराडो १५०० म्हणजे हाफ टन, २५०० आणि एफ-२५० म्हणजे थ्री-क्वार्टर, आणि ३५०० आणि एफ-३५० म्हणजे वन टन. "थ्री-क्वार्टर टनापेक्षा मोठी गाडी चालणार नाही" असं लिहिलं असेल तर एफ-१५० वाल्याला काळजी नाही पण एफ-३५० वाल्याने तिथेच थांबावं.

ट्रकवर धंद्याचं नाव, फोन नंबर, शिडीचा रॅक, बेडमध्ये हत्यारांची पेटी यातलं काही असेल तर तेही लिहून ठेवा. बऱ्याच नियमांत "कमर्शियल" ची व्याख्या वजनावर नसून दिसण्यावर असते.

२. घराच्या फोटोंपेक्षा गॅरेजची मापं मागा

लिस्टिंगमध्ये "टू कार गॅरेज" लिहिलेलं असतं आणि आपण पुढे जातो. टू कार गॅरेज बऱ्याच ठिकाणी २० फूट बाय २० फूट असतं, म्हणजे खोली २४० इंच आणि आमचा ट्रक २३२ इंच, उरले आठ इंच, आणि या आठ इंचांतच पुढची भिंत, मागचं दार आणि मधे चालायची जागा. त्यात टेक्सासात वॉटर हीटर बऱ्याचदा गॅरेजमध्येच एका ओट्यावर बसवलेला असतो, घरात जायच्या दोन पायऱ्याही तिथेच, आणि मापं सांगताना हे कुणी वजा करत नाही. म्हणून रिअल्टरला सरळ सांगा की मला आतल्या भिंतीपासून दारापर्यंतचं मोकळं माप पाहिजे, पायरी आणि हीटर सोडून. २२ फूट मिळालं तर बरं, २४ मिळालं तर सुख. नवीन बांधकाम असेल तर बिल्डरला गॅरेज चार फूट वाढवून मिळेल का हे करार करायच्या आधी विचारा, नंतर काँक्रीट पडलं की विषय संपला.

दाराचंही बघा. सात फुटी दार आणि आठ फुटी दार यात लिफ्ट केलेल्या ट्रकसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि एका गाडीसाठीचं आठ फूट रुंद दार असेल तर मिरर मिटल्याशिवाय आत जायचा विचारही करू नका, सोळा फुटी दार त्यापेक्षा कितीतरी चांगलं.

ड्राइव्हवे मोजताना गॅरेजच्या दारापासून साइडवॉकच्या आतल्या कडेपर्यंतच मोजा, रस्त्यापर्यंत नाही. आमची चूक नेमकी इथेच झाली होती.

काँडो किंवा टाउनहोम बघत असाल तर पार्किंगची पट्टी मोजा. १८ फुटांची पट्टी असेल तर १९ फुटी ट्रक बाहेरच राहणार.

३. ऑफर द्यायच्या आधी कागद मिळवा

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात आणि मला खरंच मनापासून सांगायचंय की ही घाई करू नका. कागद तीन-चार प्रकारचे असतात. सगळ्यात वर सीसीअँडआर, म्हणजे मूळ अटींचा दस्तऐवज, जो काउंटीत नोंदवलेला असतो, मग बायलॉज, म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नियम, मग बोर्डाने वेळोवेळी केलेले नियम, आणि दंडाचं धोरण. लोक पहिला वाचतात आणि पार्किंगचे खरे बारकावे तिसऱ्यात सापडतात.

टेक्सासात असाल तर राज्याची एक साइट आहे, एचओए डॉट टेक्सास डॉट गव्ह, तिथे सबडिव्हिजनच्या, म्हणजे त्या वसाहतीच्या, नावाने शोधलं की मॅनेजमेंट सर्टिफिकेट मिळतं, त्यात मॅनेजमेंट कंपनी कोण, संपर्क कुठे हे सगळं असतं. सीसीअँडआर काउंटी क्लर्ककडे नोंदलेला असतो, तिथूनही काढता येतो. विकणाऱ्याच्या एजंटला मागितलं तरी बरेचदा पाठवतात.

करार करताना टेक्सासात एचओएसाठी एक वेगळी पुरवणी जोडतात. त्यात सबडिव्हिजनची माहिती किती दिवसांत कोण देणार हे ठरतं, आणि माहिती हातात आल्यावर तीन दिवसांत, क्लोजिंगच्या (घर नावावर होण्याच्या शेवटच्या व्यवहाराच्या) आधी, तुम्ही करार मोडू शकता आणि अर्नेस्ट मनी, म्हणजे बयाणा, परत मिळतो. हे तीन दिवस फार मोलाचे आहेत. पण त्या पुरवणीत "मला माहिती नको" असाही एक चौकोन असतो आणि घाईत कुणीतरी तिथे टिक करून टाकतं. सही करायच्या आधी तो चौकोन स्वतः बघा. रीसेल सर्टिफिकेटची (विकल्या जाणाऱ्या घराबद्दल एचओए देते त्या दाखल्याची) फी २०२१ च्या कायद्यापासून जास्तीत जास्त ३७५ डॉलर आहे, घराच्या किमतीपुढे हे काहीच नाही, ती वाचवायला जाऊ नका.

४. वाचताना कुठले शब्द शोधायचे

पन्नास-साठ पानं अख्खी वाचायची गरज नाही, पीडीएफमध्ये ट्रक, पिकअप, कमर्शियल, टन, गॅरेज, ओव्हरनाइट, ट्रेलर, साइडवॉक, टो (गाडी ओढून नेणं) हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा आणि जिथे सापडतील तिथला पूर्ण परिच्छेद सावकाश वाचा. सगळ्यात फसवं वाक्य मला हे वाटतं: गाडी गॅरेजमध्ये, दार बंद करून, पूर्ण मावली पाहिजे. यात पिकअपचं नावही नसतं, त्यामुळे नजर त्यावरून सरकते, पण २० फुटी गॅरेजसोबत हे वाक्य आलं की तुमच्या ट्रकला तिथे जागा नाही असाच त्याचा अर्थ. दुसरं म्हणजे "पॅसेंजर व्हेइकल" ची व्याख्या कुठे दिलीय ते बघा, व्याख्या बहुतेक पहिल्या काही पानांत असते आणि पार्किंगचा नियम तिसाव्या पानावर, दोन्ही जोडून वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही.

नियम बदलू शकतात हेही लक्षात असू दे. टेक्सासात मूळ सीसीअँडआर बदलायला साधारणपणे ६७ टक्के मतं लागतात, पण बोर्डाचे नियम त्या मानाने पटकन बदलतात. त्यामुळे तुमच्या ट्रकला परवानगी कुठल्या कागदात आहे याला महत्त्व आहे.

५. राज्याचा कायदा बघा, पण शेजारच्या राज्यातल्या मित्राचं ऐकून नाही

फ्लोरिडात १ जुलै २०२४ पासून एचओएला खासगी पिकअप ड्राइव्हवेत उभी करायला बंदी घालता येत नाही, कायद्यात पिकअप हा शब्द स्पष्ट लिहिलाय. टॅम्पाचा मित्र "काही होत नाही रे" म्हणतो ते त्याच्यासाठी खरं आहे, आणि तेही एचओएसाठी, काँडोचा कायदा तिथे वेगळा आहे. ॲरिझोनात सरकारी मालकीच्या रस्त्यांवर एचओएचा अधिकार किती, यावरून २०२३ मध्ये कायदा झाला आणि जुन्या एचओएंना ३० जून २०२५ पर्यंत त्यावर मतदान घ्यायला सांगितलं, त्यामुळे फिनिक्सकडे घर बघत असाल तर त्या मतदानाचा निकाल काय लागला हे त्या त्या एचओएला विचारा. कॅलिफोर्नियात १९८७ साली एका काँडोतल्या माणसाच्या स्वच्छ, खासगी वापराच्या पिकअपवरची बंदी अपील कोर्टाने अवाजवी ठरवली होती. पण कोर्टात जिंकता येईल या भरवशावर कुणी घर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. टेक्सासात घर घेताय तर टेक्सासचा कायदा आणि त्याच सबडिव्हिजनचे कागद, बस.

६. रात्री दहा वाजता चक्कर मारा

एकदा मंगळवारी रात्री आणि एकदा रविवारी सकाळी त्या गल्लीतून हळू गाडी न्या. ड्राइव्हवेत पिकअप दिसतात का, किती, कुठल्या मापाच्या, रस्त्यावर रात्री गाड्या असतात का, टो कंपनीच्या पाट्या कुठे लावल्यात. जिथे प्रत्येक तिसऱ्या घरापुढे एफ-१५० उभी आहे तिथलं वातावरण वेगळं, आणि जिथे रात्री दहाला सगळे ड्राइव्हवे रिकामे आहेत तिथे नियम खरंच चालवतात. एखादा काका बाहेर कुत्रा फिरवत असेल तर थांबून बोला, मी बोललो होतो, त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की पार्किंगची पत्रं कोणत्या दिवशी येतात. पण शेजाऱ्याला चालतंय म्हणून आपल्याला चालेल असं धरू नका, त्याची परवानगी जुनी असू शकते.

७. लेखी विचारा

फोनवर "शुड बी फाइन" म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी तिथे नसतो. मॅनेजमेंट कंपनीला ईमेल लिहा, मोघम नको. ट्रकचं वर्ष, मॉडेल, लांबी, जीव्हीडब्ल्यूआर, वर नाव लिहिलंय की नाही, सोबत एक फोटो, आणि सरळ प्रश्न: हा ट्रक या पत्त्यावर ड्राइव्हवेत रात्रभर उभा करता येईल का, आणि कुठल्या कलमानुसार? कलम विचारलं की उत्तर देणाऱ्यालाही कागद उघडून बघावा लागतो. आम्हाला पहिलं उत्तर आलं "सगळे नियम पाळावे लागतील", म्हणजे उत्तरच नाही, मग तोच ईमेल परत पाठवला, तेव्हा कुठे कलमाचा नंबर आला. त्याच ईमेलमध्ये दंडाचं धोरणही मागा. टेक्सासात २०२४ पासून दंड लावणाऱ्या एचओएला हे धोरण लेखी ठेवावंच लागतं, त्यात पहिल्या चुकीला काय, दुसऱ्याला किती डॉलर हे कळतं.

८. ट्रक घेऊन जा

ऑप्शन पिरियड (करारानंतर तो मोडायची मुभा असते ते दिवस) चालू असतानाच विकणाऱ्याची परवानगी घेऊन ट्रक तिथे न्या आणि गॅरेजमध्ये घालून बघा. कागदावर २२ फूट होते ते आम्हाला प्रत्यक्षात २१ फूट ३ इंच निघाले, कारण आतल्या भिंतीला शेल्फं होती. बायको मागे टेप घेऊन उभी, मी मिरर मिटून इंच इंच पुढे घेतोय, आणि पुढच्या बंपरपासून शेल्फापर्यंत जेमतेम एक फूट. मग दार खाली घेतलं आणि ते मागच्या बॉल माउंटला टेकून परत वर गेलं. माउंट काढला, दार परत खाली घेतलं, आता नीट बंद झालं, आणि तिथेच ठरवलं की ट्रेलर जोडायचा नसेल तेव्हा माउंट बेडमध्ये ठेवायचा आणि शेल्फं काढून घ्यायची अट कराराच्या सुधारणेत टाकायची. विकणाऱ्याने ती दोन दिवसांत मान्य केली.

घर घेतल्यावर पत्र आलंच तर घाबरू नका पण बाजूलाही टाकू नका. टेक्सासात दुरुस्त करता येणारी चूक असेल तर दंडाच्या आधी लेखी नोटीस आणि सुधारायला वाजवी वेळ द्यावा लागतो, आणि नोटीस पाठवल्यापासून ३० दिवसांच्या आत सुनावणी मागता येते. तेव्हा कलमाच्या नंबरवाला तो ईमेल, ट्रकच्या स्टिकरचा फोटो आणि ड्राइव्हवेत टेप धरलेला एक फोटो, हे तिन्ही प्रिंट करून क्लोजिंगच्या फाइलमध्ये आत्ताच लावून ठेवा.