अमेरिकन क्रांती पहिल्यांदा वाचताय? १७७३ नाही, १७६३ पासून सुरू करा

यूपीएससीला हिस्ट्री ऑप्शनल घेतलेली नवीन मुलं अमेरिकन क्रांती बहुतेक वेळा १७७३ च्या बॉस्टन टी पार्टीपासूनच (बॉस्टन बंदरात चहा समुद्रात फेकला तो प्रसंग) वाचायला घेतात. मी हा विषय आधी स्वतः केला, आता ज्युनियर्सची उत्तरं तपासते, त्यावरून सांगते, मागे १७६३ ला गेल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

१७६३ ला ब्रिटन-फ्रान्समधलं सप्तवार्षिक युद्ध संपलं, ब्रिटन जिंकलं पण डोक्यावर कर्जाचा डोंगर, आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च वेगळाच. मग लंडनने ठरवलं की वसाहतींनी पण वाटा उचलावा. त्याच वर्षी राजाने अ‍ॅपलेशियन पर्वताच्या पलीकडे वस्ती करायला बंदी घातली, म्हणजे ज्या जमिनीवर व्हर्जिनिया वसाहतीतल्या बड्या लोकांचा डोळा होता तीच गेली. १७६४ ला शुगर अ‍ॅक्ट आला, त्यात काकवीवरचा कर गॅलनला ६ पेन्सवरून ३ पेन्स केला. कर कमी झाला तरी लोक का चिडले? कारण आधीचा कर कोणी धड भरतच नव्हतं, स्मगलिंग जोरात चालायचं, आता वसुली कडक झाली आणि खटले ज्युरी नसलेल्या कोर्टात जायला लागले.

प्रत्येक कायदा वाचताना एकच प्रश्न विचारायचा, की हा नक्की कोणाला लागला? स्टँप अ‍ॅक्ट (१७६५) याने एकदम स्पष्ट होतो. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, पत्त्यांचे कॅट, सगळ्याला स्टँप लागणार. म्हणजे फटका बसला वकील आणि छापखानेवाल्यांना, ज्यांना बोलता येतं आणि छापता येतं अशाच लोकांना. बोंब सगळीकडे पोचणारच ना. "पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही, मग कर कसला" ही मागणी गाजली ती इथे, आणि वसाहतीतले लोक हे ब्रिटिश प्रजा म्हणूनच मागत होते, स्वातंत्र्य अजून कोणाच्या डोक्यात नव्हतं. १७६६ ला कायदा मागे घेतला, पण सोबत डिक्लेरेटरी अ‍ॅक्ट करून ठेवला की वसाहतींसाठी कुठलाही कायदा करायचा हक्क पार्लमेंटला आहे. बरीच मुलं हा सोडून देतात, मला तर पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ यातच दिसतं.

आता चहा. १७७३ च्या टी अ‍ॅक्टने चहा उलट स्वस्त होणार होता, आपल्याकडे बंगालमध्ये राज्य करणारी तीच ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली होती आणि तिला वाचवायला थेट अमेरिकेत माल विकायची सूट दिली. पण स्वस्त चहा घेतला की त्यावरचा ३ पेन्सचा कर मान्य केल्यासारखं, शिवाय तिथल्या व्यापाऱ्यांचा धंदा बसणार. १६ डिसेंबरला बॉस्टनमध्ये चिडलेल्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, हीच ती टी पार्टी. लंडनने बॉस्टन बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराचे हक्क काढले, आणि बाकीच्या वसाहतींना वाटलं उद्या आपला नंबर.

तरी एप्रिल १७७५ ला ब्रिटिश फौजेशी गोळीबार झाल्यावरसुद्धा जुलैमध्ये वसाहतींनी राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला होता, हे उत्तरात नक्की लिहा. आणि नोव्हेंबरमधला व्हर्जिनियाच्या गव्हर्नर डनमोरचा जाहीरनामा पण, बंडखोरांचे गुलाम ब्रिटिशांकडून लढले तर मोकळे. त्याने दक्षिणेतले कितीतरी मळेवाले कायमचे राजाच्या विरोधात गेले.