लेकीची वाढ मी वहीत कशी टिपते

वजन रोज करू नका. महिन्यातून एकदा पुरे, तेही त्याच काट्यावर, डायपर काढून. आमची लेक काट्यावर स्थिर उभी राहतच नाही. मग मी तिला कडेवर घेऊन वजन करते, नंतर माझं एकटीचं, आणि वजाबाकी.

उंचीत घोळ जास्त होतो. दोन वर्षांपर्यंत मूल आडवं झोपवून मोजतात, पुढे उभं करून. उभ्या मापात उंची साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरते, तेव्हा दुसऱ्या वाढदिवसानंतर पोर आखडलं म्हणून हबकू नका. टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून पेन्सिलीची खूण. चुळबुळ सुरू झाली की सोडून द्या, उद्या बघू.

जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे वाढीचे तक्ते मुलगे-मुलींसाठी वेगळे आहेत. आपला तो निवडा. प्रत्येक मापाचा ठिपका त्यावर मांडून ठिपके जोडा. एकट्या ठिपक्यावरून काही ठरत नाही, रेषेची दिशा बघा. दुसऱ्या वर्षात वजन पहिल्या वर्षाच्या वेगानं वाढत नाही, भूकही मंदावते. आजीला हे पटवणं अवघड!

चालणं ८ ते १८ महिन्यांत कधीही सुरू होतं. वहीत नुसतं ‘चालते’ लिहू नका; ‘सोफा धरून चालते, वळताना बसते’ असं लिहिलं तर डॉक्टरांना उपयोग होतो. दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्द जोडते का, तेही टिपा. येत असलेले शब्द किंवा हालचाली बंद पडल्या, तर मात्र लगेच दाखवा.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरा.