ट्रेलवर काम सुरू करताय? मग तरंगणाऱ्या पेशी फेकू नका

नवी जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) मुलं लॅबमध्ये येतात ती पेशी कशी मरते याचा पाथवे, म्हणजे पायऱ्यांची साखळी, तोंडपाठ करूनच. ट्रेल हे प्रोटीन पेशीबाहेरून डीआर४ किंवा डीआर५ रिसेप्टरला चिकटतं, आतून फॅड हे जोडणारं प्रोटीन आणि कॅस्पेज-८ हे प्रोटीनं कापणारं एन्झाइम जमा होतात, पुढे कॅस्पेज-३ कामाला लागतं, पेशी मरते. परीक्षेला एवढं पुरतं. पण लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या हेला या कॅन्सरच्या पेशींवर ट्रेल घालून मायक्रोस्कोपखाली बघत बसा. एकाच पेशीपासून झालेल्या दोन शेजारणींपैकी एक काही तासांत आक्रसते, तिच्या कडेला फुगे येतात. दुसरी मात्र ढिम्म हलत नाही. जनुकं तीच, पण रिसेप्टर, कॅस्पेज आणि त्यांना अडवणारी प्रोटीनं दोघींत कमीजास्त असतात. त्यामुळे ‘पेशी मेल्या का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. किती मेल्या आणि केव्हा, हे सांगता आलं पाहिजे. एकच २४ तासांचा पॉइंट घेऊन ते कळत नाही.

आता हाताच्या कामाबद्दल. मरणाऱ्या पेशी तळ सोडून मीडियामध्ये, म्हणजे पेशी वाढतात त्या द्रवात, तरंगू लागतात. जुना मीडिया सवयीने सिंकमध्ये गेला की मेलेल्या पेशीही गेल्या, आणि औषध लागूच पडलं नाही असा निकाल येतो. मीडिया आणि पीबीएसचं (पेशी धुण्याच्या खारट बफरचं) धुणं दोन्ही त्याच ट्यूबमध्ये घ्या, मग ट्रिप्सिन करून तळाला चिकटलेल्या पेशी सुट्या करा. मरणाऱ्या पेशी ओळखायला वापरतात त्या अ‍ॅनेक्सिन-व्ही ला चिकटायला कॅल्शियम लागतं आणि ट्रिप्सिनमधलं ईडीटीए नेमकं तेच पळवतं. म्हणून पेशी नीट धुवून कॅल्शियमवाल्या बायंडिंग बफरमध्येच घ्या. पीआय (प्रोपिडियम आयोडाइड, फाटलेल्या आवरणातूनच आत शिरणारा रंग) सोबत हवंच, नाहीतर आवरण फाटलेल्या पेशीही अ‍ॅनेक्सिन-पॉझिटिव्ह दिसतात.

पेशींची लाइन निवडताना लॅबच्या फ्रीझरमध्ये काय पडलंय एवढंच पाहू नका. एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या लाइनमध्ये कॅस्पेज-३ नसतंच. त्या लाइनवर कॅस्पेज-३ चा ब्लॉट (प्रोटीन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) लावून पट्टी शोधत बसणारे मी पाहिलेत. कॅस्पेज कापतात त्या पार्प प्रोटीनची ११६ वरून ८९ किलोडाल्टनला आलेली पट्टी तिच्यातही दिसू शकते, कारण कॅस्पेज-७ ते काम करतं. कॅस्पेज अडवणारं झेड-व्हीएडी घातल्यावर मरण थांबतं का, हा कंट्रोल गाइडने सांगायची वाट बघू नका.

ट्रेल स्वतः नाजूक आहे. तीन रेणू एकत्र येतात, मधोमध जस्ताचा अणू असतो. छोटे अलिकॉट (वाटे) करून ठेवा. तीच व्हायल पुन्हापुन्हा गोठवली की असर उतरतो, आणि दोष पेशींवर जातो.

मुलाखतीसाठी एक सांगतो. ‘मला कॅन्सरवर औषध शोधायचंय’ हे वाक्य गाळा, समोरच्यांनी ते सकाळपासून ऐकलेलं असतं. १९९५ मध्ये ट्रेलची ओळख पटली. निरोगी पेशींना फारसं न दुखावता ट्यूमरच्या पेशी मारतं, म्हणून मोठी आशा होती. डुलानर्मिन नावाने ते रुग्णांना देऊनही पाहिलं. सोसलं, पण ठोस फायदा दिसला नाही. रक्तात ते फार वेळ टिकत नाही आणि कित्येक ट्यूमर त्याला दादच देत नाहीत. उलट पेशीच्या आतल्या, तिला मरू न देणाऱ्या बीसीएल-२ या प्रोटीनला अडवणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधाला २०१६ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. एक वाट का अडली आणि दुसरी का चालली, यावर दहा मिनिटं बोलता येईल इतकी तयारी करा. माझ्या मते प्रोजेक्टचा विषयही तिथेच शोधावा: दाद न देणाऱ्या पेशींमध्ये.