ऑकलंडच्या ज्वालामुखींवर फील्डवर्क करायचंय?

सह्याद्रीत भूशास्त्राचा हातोडा चालवून न्यूझीलंडला शिकायला आलेल्या माणसाला ऑकलंडचे ज्वालामुखी आधी किरकोळच वाटतात. घाटात लाव्हाचे थरावर थर पाहिलेल्याला दीडशे-दोनशे मीटरच्या टेकड्यांचं काय कौतुक? पण अवघड इथलंच आहे.

घाटात खालचा थर जुना, वरचा नवा, एवढं धरून कामाला लागता येतं. इथे सुमारे 360 चौरस किलोमीटरमध्ये पन्नासहून अधिक ज्वालामुखी विखुरलेत. बहुतेक एकदाच जागे झाले आणि कायमचे विझले. पुढचा उद्रेक भलतीकडेच. एकाचा लाव्हा दुसऱ्यावर क्वचितच चढतो. मग आधीचा कोण, नंतरचा कोण? खडक वयाने कोवळा आणि त्यात पोटॅशियम कमी, त्यामुळे पोटॅशियमपासून हळूहळू बनणाऱ्या आर्गॉन वायूवरून काढलेल्या वयातही बरीच अनिश्चितता राहते.

खरा हिशोब लागतो तो गाळात. वर येणारा मॅग्मा भूजलाला भिडला की स्फोट होतो, जमिनीत रुंद विवर पडतं आणि पुढे त्यात तळं साचतं. ओराकेईसारख्या विवरांत ड्रिलिंग करून काढलेल्या गाळाच्या लांब नळकांड्यात, म्हणजे कोअरमध्ये, काळी राख दिसते ती इथल्या बेसॉल्टची, फिकट राख दूरच्या रायोलाइटी (सिलिका जास्त असलेल्या मॅग्माच्या) उद्रेकांची. त्यांतलाच टाउपो ज्वालामुखीचा ओरुआनुई उद्रेक सुमारे 25,500 वर्षांपूर्वीचा. त्याची राख सापडली की तिच्या वरची काळी राख त्याहून नवी. म्हणून येण्याआधी गाळाचं भूशास्त्र मनापासून करा. आपल्याकडे पेट्रोलॉजीवाल्यांना, म्हणजे खडकांचा अभ्यास करणाऱ्यांना, त्याचं फारसं अप्रूप नसतं. इथे मात्र मिलिमीटरभर थर चुकला तर अख्खा ज्वालामुखी हुकतो.

सुरुवात टाकापुनाच्या किनाऱ्यावर, ओहोटीला करा. पुपुके ज्वालामुखीच्या लाव्हाने उभ्या जंगलाला वेढलं, त्या झाडांचे साचे खडकात तसेच आहेत. मग फेरीने रांगिटोटो हे ज्वालामुखीचं बेट: 260 मीटर उंच, शेवटचा उद्रेक सुमारे 600 वर्षांपूर्वी. त्याच्या राखेत शेजारच्या मोटुटापू बेटावर माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे सापडलेत. रांगिटोटोवर प्यायचं पाणी मिळत नाही आणि लाव्हा धारदार आहे. जाड तळव्याचे बूट घाला.

शहरातल्या टेकड्यांवर जाताना हातोडा खोलीवरच ठेवा. त्या माओरींना पवित्र आहेत; 2014 पासून त्यांतल्या चौदांची मालकी माओरी जमातींकडे परत गेली आणि कारभार जमाती व शहराची कौन्सिल मिळून पाहतात. नमुना हवाच असेल तर प्रबंधाचा विषय ठरताच मार्गदर्शकांमार्फत परवानगीच्या मागे लागा.