हिवाळ्यात घर चोरांपासून कसं जपावं

हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, पण आपली घरी परतायची वेळ तीच असते. मधले दोन-तीन तास घर काळोखात बंद. थंडीमुळे शेजाऱ्यांचीही दारं-खिडक्या लागलेली, त्यामुळे खुडबुड झाली तरी कुणाच्या कानावर जात नाही.

१. दिवेलागणीला घरातले सगळे दिवे घालवा आणि रस्त्यावरून स्वतःचं घर बघा. कोणतं दार अंधारात गडप होतं? कोणत्या झाडाआड माणूस उभा राहिला तर दिसणार नाही? तिथे हालचालीने लागणारा दिवा बसवा, झाड छाटा.

२. आतल्या एक-दोन दिव्यांना टायमर लावा. सूर्यास्ताची वेळ सरकत असते, म्हणून टायमरही अधूनमधून सरकवा. भर दुपारी जळत राहिलेला दिवा घर रिकामं असल्याचंच सांगतो.

३. आता दार. यावर मात्र खरंच वेळ घालवा, कारण लोक महागडं कुलूप आणतात आणि ते ज्यावर टेकलंय तिकडे बघतच नाहीत. कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या पट्टीत शिरते, तिचा एक स्क्रू काढून हातात घ्या. बऱ्याचदा तो इंचभरही नसतो. पातळ लाकडात जेमतेम रुतलेला. जोराची लाथ बसली तर कुलूप शाबूत राहतं आणि चौकट फाटते. लाकडी चौकट असेल तर तिथे ३ इंची स्क्रू पिळा, म्हणजे ते मागच्या भक्कम लाकडापर्यंत पोचतील. भिंत विटांची किंवा काँक्रीटची असेल तर सुताराकडून भिंतीत घट्ट पकड घेणारे योग्य फास्टनर बसवून घ्या. बाहेरून कडी-कोयंडा असेल तर त्याचे स्क्रू उघडे दिसतात का, तेही पाहा. दिसत असतील तर ते कुणीही काढू शकतो. त्याऐवजी दारातून आरपार जाणारे, आतून नट आवळलेले गोल डोक्याचे बोल्ट घाला. खर्च किरकोळ, काम तासाभराचं.

सरकत्या दार-खिडक्यांच्या खाचेत मापाची काठी आडवी ठेवली की त्या बाहेरून सरकत नाहीत. किल्ली पायपुसण्याखाली किंवा कुंडीत ठेवू नका, चोर आधी तिथेच शोधतो.

४. गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जा. दारातली वर्तमानपत्रं आणि पार्सलं त्यांनी रोज उचलावीत. सहलीचे फोटो परत आल्यावर टाका. मुलांनाही हे समजावून सांगा, कारण फोटो बहुधा तीच टाकतात. निघण्याआधी मौल्यवान वस्तूंचे फोटो आणि अनुक्रमांक जपून ठेवा. मोबाइलवर *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो.

५. परत आल्यावर कुलूप तुटलेलं किंवा दार किलकिलं दिसलं, तर आत जाऊ नका. चोर अजून आत असू शकतो. हाकही मारू नका. शेजाऱ्यांकडे जाऊन पोलिसांना फोन करा, आणि ते येईपर्यंत कडीलाही हात लावू नका. ठसे तिथेच असतात.